ओव्हन नवा घेतला, तरी सॉकेट पुन्हा का जळतं?

ओव्हन सुरू करून वीस-पंचवीस मिनिटं झाली की कुठून तरी उग्र, माशासारखा वास येऊ लागतो. आत काही करपलं का म्हणून दार उघडून पाहावं, तर आत सगळं ठीक. मग एक दिवस प्लग काढताना तो हाताला चटका देतो आणि सॉकेटच्या एका भोकाभोवती तपकिरी डाग दिसतो. सॉकेट बदललं जातं. काही महिने बरे जातात. पुन्हा तोच वास.

माझ्या घरी हे तीनदा झालं. दोनदा सॉकेट बदललं. तिसऱ्या वेळी वाटलं की ओव्हनच जुना झालाय, तोच जास्त वीज ओढत असणार. म्हणून २००० वॉटचा जुना ओव्हन काढून ३००० वॉटचा नवा बसवला. सहा आठवड्यांत सॉकेट काळं पडलं आणि या वेळी नव्या ओव्हनच्या प्लगची एक पिनही गेली. दोष ओव्हनमध्ये नव्हताच. तो भिंतीतल्या वायरीच्या टोकाला होता, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, आणि प्रत्येक नव्या सॉकेटला तो तसाच चिकटून येत होता.

ओव्हन जुना झाला की जास्त वीज ओढतो, हा माझा समजही चुकीचा होता. हीटरमधली निक्रोमची तार वर्षानुवर्षं तापून झिजते, बारीक होते आणि तिचा रोध थोडा वाढतो. म्हणजे जुना हीटर वीज ओढलीच तर किंचित कमी ओढतो. शॉर्ट झाला असेल तर गोष्ट वेगळी, पण मग एमसीबी (करंट जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) लगेच पडतो, महिनोन्महिने वास येत राहत नाही.

एमसीबी का पडत नाही

हे एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून इथे थोडं थांबते.

२३० व्होल्टवर ३००० वॉटचा ओव्हन साधारण १३ अँपिअर करंट घेतो. समजा वायर जिथे सॉकेटच्या स्क्रूखाली बसते तिथे पकड सैल आहे आणि त्या जागी फक्त ०.१ ओहम इतका रोध तयार झालाय. उष्णता निघते करंटचा वर्ग गुणिले रोध या हिशेबाने: १३ गुणिले १३ गुणिले ०.१, म्हणजे सुमारे १७ वॉट. आकडा लहान वाटतो, पण छोटा सोल्डरिंग आयर्न १५ ते २५ वॉटचाच असतो आणि तो धातू वितळवतो. तेवढी उष्णता प्लॅस्टिकच्या डबीत, भिंतीच्या आत, तासभर कोंडून ठेवली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. त्या उष्णतेने तांब्यावर काळा थर चढतो, थरामुळे रोध वाढतो, रोधामुळे उष्णता वाढते. दर वापरागणिक जोड आणखी बिघडत जातो.

आता या सगळ्यात एमसीबीला काय दिसतं? सैल जोडामुळे करंट वाढत नाही, उलट कमी होतो. वरच्याच उदाहरणात १३.०४ अँपिअरचा १२.९७ होतो. एमसीबी जास्त करंट शोधत असतो, त्यामुळे त्याच्या लेखी सगळं आलबेल. आरसीसीबी (गळणारा करंट पकडणारा स्विच) फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ताडून पाहतो. सैल जोडात दोन्ही सारखेच, म्हणून तोही गप्प. घरातली दोन्ही संरक्षक उपकरणं चालू स्थितीत आहेत आणि सॉकेट मात्र जळतंय, असं यामुळेच होतं. आर्क, म्हणजे जोडात उडणारी ठिणगी, ओळखणारं वेगळं उपकरण मिळतं, पण बहुतेक जुन्या घरांत ते नसतं. तिथे वास, डाग आणि प्लगचा गरमपणा हेच इशारे. ते गांभीर्यानं घ्या.

माझ्याकडे नवा ओव्हन आल्यावर प्रकरण इतक्या लवकर का चिघळलं, तेही याच हिशेबात आहे. २००० वॉटला करंट ८.७ अँपिअर, त्यामुळे त्याच जोडात सुमारे साडेसात वॉट उष्णता. ३००० वॉटला १७. ओव्हनची ताकद दीडपट झाली, पण जोडातली उष्णता सव्वादोनपट.

आधी जळलेल्या खुणा वाचा

काही उघडण्याआधी वीज बंद करायची, आणि ती खरंच बंद आहे हे सिद्ध करायचं. बोर्डावरचा ओव्हनचा स्विच बंद करून काम करू नका. डीबीतला (सगळे एमसीबी असलेल्या पेटीतला) त्या लाइनचा एमसीबी आणि शक्य असेल तर मेन स्विचच बंद करा. डीबीला चिठ्ठी लावा, घरातल्या सगळ्यांना सांगा. मग टेस्टर आधी चालू असल्याची खात्री असलेल्या सॉकेटवर लावून बघा (मेन बंद करणार असाल तर ही पहिली चाचणी त्याआधी उरका), नंतर ओव्हनच्या लाइनवर, आणि शेवटी पुन्हा एखाद्या चालू सॉकेटवर (मेन बंद असेल तर शेजाऱ्यांकडच्या). शेवटची पायरी लोक सोडतात. टेस्टर मधल्या काळात बंद पडला असेल तर कळणार कसं?

पेचकसाच्या आकाराच्या निऑन टेस्टरवर या कामात विसंबू नका. तो तुमच्या शरीरातून सूक्ष्म करंट नेऊन उजळतो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलात तर फेज असूनही मंद लागतो, आणि शेजारच्या वायरीच्या प्रभावाने वीज नसतानाही मिणमिणू शकतो. शिवाय न्यूट्रल तुटली असेल आणि ओव्हनचा स्विच चालू राहिला असेल तर न्यूट्रलच्या भोकातही तो लागतो आणि गोंधळात पाडतो. दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर किंवा मल्टिमीटर घ्या. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्या तपासा.

वीज नाही याची खात्री झाली की सॉकेटचं झाकण काढा आणि घाई न करता बघा. फक्त एका स्क्रूभोवती काळं पडलंय आणि वायरीचं आवरण सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच कडक झालंय? मग जोड सैल होता. आवरण लांबवर ठिसूळ झालंय, वाकवलं की तडकतंय, रंग पिवळट-तपकिरी झालाय? मग वायरच बारीक आहे, जोड आवळून उपयोग नाही. काळेपणा स्क्रूकडे नसून पुढे, पिन जिथे आत शिरते तिथे आहे? मग सॉकेटमधली स्प्रिंगची पकड गेली आहे. प्लग हलका लागतो, आपोआप थोडा बाहेर येतो, ही तिचीच खूण.

या शेवटच्या प्रकारात सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला, नेहमी जोडीनं. उष्णतेने एकदा नरम पडलेली स्प्रिंग पुन्हा घट्ट होत नाही, आणि काळवंडलेली पिन नव्या सॉकेटमध्ये घातली की ती त्यालाही खराब करते.

माझ्या सॉकेटमध्ये पहिल्या प्रकारची खूण होती, तरी दोनदा दुरुस्ती करूनही ती परत आली. कारण अगदी साधं होतं. दोन्ही वेळा जुनं सॉकेट काढलं आणि त्याच काळ्या पडलेल्या तांब्याच्या टोकावर नवं आवळलं. काळं टोक कापून, मागचं चकचकीत तांबं बाहेर काढून मग ते बसवायला हवं होतं. तसं केलं नाही, कारण भिंतीतून बाहेर आलेली वायर आधीच आखूड होती, कापली तर पोचत नव्हती. वायर नवीन ओढणं हे मोठं काम. ते टाळलं गेलं आणि त्याची किंमत नव्या ओव्हनच्या प्लगने मोजली. तुमच्याकडे कुणी सॉकेट बदलायला आलं तर टोक कापलं का, हे उभं राहून बघा. पोचत नसेल तर तिथेच टेप गुंडाळून तुकडा जोडू देऊ नका.

घर जुनं असेल तर तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची वायर असू शकते. चंदेरी रंगाची, मऊ. ॲल्युमिनियम तापल्यावर तांब्यापेक्षा जास्त पसरतं, दाबाखाली हळूहळू चेपत जातं आणि हवेशी संपर्क आला की त्यावर वीज न वाहणारा थर धरतो. त्यावर पितळी स्क्रू कितीही आवळा, कालांतराने तो सैल होऊ शकतो. अशा लाइनवर नवा ओव्हन जोडायचाच नाही.

नवा ओव्हन घेण्याआधीचा हिशेब

ओव्हनच्या पाटीवर वॉट आणि व्होल्ट लिहिलेले असतात. वॉटला व्होल्टने भागा, करंट मिळतो. जुन्या ओव्हनची पाटी दाराच्या चौकटीत किंवा मागे असते. दोन्ही आकडे शेजारी ठेवा. नवा जास्त घेत असेल तर जुनी लाइन त्याच्यासाठी नाही असं धरूनच पुढे चला.

तांब्याच्या वायरीत साधारण २.५ चौरस मिलिमीटर जाडी १६ अँपिअरच्या लाइनला, ४ चौरस मिलिमीटर २० ते २५ अँपिअरला आणि ६ चौरस मिलिमीटर ३२ अँपिअरला वापरली जाते. वायर लांबून येत असेल, एकाच पाइपात चार-पाच वायरी कोंबलेल्या असतील किंवा खोली फार तापत असेल तर याहून जाड लागते. अमुक लाइनला किती, हा निर्णय परवानाधारक इलेक्ट्रिशियनने जागेवर बघून घ्यावा. डीबीपासून ओव्हनपर्यंत स्वतंत्र लाइन, मध्ये एकही जोड नाही, आणि फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल स्विच हाताला लागेल अशा जागी, एवढं मात्र तुम्ही ठामपणे मागा. स्विच ओव्हनच्या मागे नको. आग लागली तर तिथे हात जाणार नाही.

एमसीबी पडतो म्हणून मोठा बसवायचा, हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. एमसीबी ओव्हनसाठी नसतो, भिंतीतल्या वायरीसाठी असतो. १.५ च्या वायरीवर ३२ अँपिअरचा एमसीबी लावला की भिंतीतली वायर तापून पेटली तरी तो पडणार नाही. एक्स्टेन्शन बोर्डवर ओव्हन चालवणं हा तसाच प्रकार, फक्त डोळ्यांसमोर घडणारा.

जुना ओव्हन बाहेर काढताना

कपाटात बसवलेला ओव्हन तीस-चाळीस किलोंचा असतो. वजन कमी करण्याचा सोपा मार्ग म्हणजे आधी जाळ्या, ट्रे आणि दार काढणं. दाराच्या दोन्ही बिजागऱ्यांवर छोटी खिट्टी असते. दार पूर्ण उघडून ती उलटवायची, मग दार अर्धं मिटत वर उचलायचं. खिट्टी न लावता दार ओढलं तर बिजागरीची स्प्रिंग जोरात मिटते आणि बोट चिरडू शकतं. त्या फटीत बोट घालू नका.

मग चौकटीतले बाजूचे स्क्रू काढून ओव्हन अर्धाच बाहेर ओढा आणि मागे डोकावून बघा. प्लग असेल तर उत्तम. वायर थेट आत गेली असेल तर टर्मिनलचं झाकण उघडण्याआधी व्होल्टेज पुन्हा तपासा. त्या टर्मिनलचा फोटो काढून ठेवा. रंगांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका: नव्या वायरिंगमध्ये अनेक देशांत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ असते, पण जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज आणि काळी न्यूट्रल सापडते, तर काही देशांत काळी हीच फेज असते. मीटर सांगेल ते खरं. उचलताना दोन माणसं हवीत आणि पकड आतल्या पोकळीच्या कडेला धरा.

एक सावधगिरी फार जुन्या ओव्हनसाठी. १९८० च्या आधी बनलेल्या उपकरणांत दाराच्या कडेच्या सीलच्या दोरीत, उष्णतारोधक पत्र्यात किंवा आतल्या वायरींच्या आवरणात ॲस्बेस्टॉस असू शकतं. सगळ्या प्रकारचं ॲस्बेस्टॉस कॅन्सरकारक आहे आणि त्याची धूळ डोळ्यांना दिसत नाही. असा ओव्हन उघडू नका, झाडू नका, दोरी खेचून काढू नका. दारासकट, जसाच्या तसा, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बाहेर न्या. दार काढायचा वरचा सल्ला याला लागू नाही. आणि जुनं यंत्र मायक्रोवेव्हही असेल तर त्याचं आवरण अजिबात काढू नका. आतला कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही जीवघेणा झटका देऊ शकतो.

जोडणी

इथे काही छोट्या गोष्टी सगळं ठरवतात. ओव्हनच्या मागे साधी पीव्हीसीची वायर नको. तिची मर्यादा साधारण ७० अंश सेल्सिअस असते आणि गरम पत्र्याला टेकली की ती नरम पडते. उष्णतारोधक रबर किंवा सिलिकॉनची वायर घ्या, सिलिकॉनची १८० अंशांपर्यंत टिकते. वायरीची बारीक तारांची टोकं पिळून त्यांना सोल्डर लावून स्क्रूखाली दाबू नका. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं आणि स्क्रू पुन्हा सैल होतो. थिंबल (टोकावर बसणारी धातूची टोपी) लावून ती क्रिंपरने नीट दाबून बसवायची. अर्थची वायर बाकी दोन्हींपेक्षा थोडी लांब ठेवायची, म्हणजे वायर कधी खेचली गेलीच तर अर्थ सगळ्यात शेवटी सुटेल. वायर पकडणारी क्लिप आवळल्याशिवाय झाकण लावू नका.

काही ओव्हनच्या टर्मिनलवर पाच-सहा स्क्रू आणि त्यांना जोडणाऱ्या पितळी पट्ट्या असतात. सिंगल फेज आणि थ्री फेजसाठी त्या वेगवेगळ्या लावायच्या असतात. झाकणावर आकृती असते, तिच्याबाहेर एक पट्टीही हलवू नका.

जोडून झाल्यावर इलेक्ट्रिशियनला मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावून बघायला सांगा. मल्टिमीटर थोड्याशा व्होल्टेजवर मोजतो, त्याला कमकुवत इन्सुलेशन बरं दिसतं. मेगर ५०० व्होल्टवर तपासतो आणि खरं चित्र दाखवतो. ओव्हनच्या पत्र्यापासून अर्थच्या पिनेपर्यंतचा रोध मात्र अगदी ओहमच्या अंशात असायला हवा.

नवा जोडला आणि आरसीसीबी पडू लागला तर

हा प्रश्न इतक्यांना पडतो की लोक नवा ओव्हन परतही करतात. हीटरच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. ती हवेतला ओलावा शोषते. ओव्हन गोदामात महिनोन्महिने पडून असेल तर पहिल्या काही वेळा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडू शकतो. कमी तापमानावर अर्धा तास चालला आणि ओलावा उडून गेला की त्रास थांबतो. प्रत्येक मोड वेगळा हीटर वापरतो, म्हणून वरचा, खालचा आणि पंख्याचा मोड एकेक करून लावून बघा. एकाच मोडवर दर वेळी पडत असेल तर तोच हीटर संशयित, सर्व्हिसवाल्यांना तेवढंच नेमकं सांगा. दोन-तीन प्रयत्नांनंतरही पडतोच, तर थांबा.

अर्थची वायर काढून टाकली की आरसीसीबी पडायचा थांबतो, हे खरं आहे आणि म्हणूनच ते भयंकर आहे. गळणारा करंट मग पत्र्यावर तसाच थांबतो आणि दाराच्या मुठीला हात लावणाऱ्या माणसातून जमिनीत जातो. घरातलं लहान मूल तिथे हात लावणार आहे, हे मनात ठेवा.

आणखी दोन चकवे. ओव्हन बंद आहे, तरी घरातलं दुसरं काही सुरू केलं की आरसीसीबी पडतो: ओव्हनची न्यूट्रल कुठे तरी अर्थला टेकली आहे. साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलीच राहते, म्हणून बंद ओव्हनही हा त्रास देतो. दुसरा चकवा म्हणजे ओव्हन कोणत्याही मोडवर लावताक्षणी पडतो, पण मेगरमध्ये ओव्हन निर्दोष निघतो. तेव्हा नव्या लाइनची फेज एका आरसीसीबीतून आणि न्यूट्रल दुसऱ्याच पट्टीतून घेतली आहे का, ते डीबीत बघायला सांगा. करंट एका दाराने जाऊन दुसऱ्या दाराने परत येतो, आरसीसीबीला तो गळालेला वाटतो.

ओव्हन अर्धा-पाऊण तास चालून मग स्वतःच बंद पडत असेल तर बहुधा मागे हवा कोंडतेय. कपाटाच्या मागच्या फळीला माहितीपुस्तिकेत दिलेली मोकळी जागा ठेवली आहे का बघा. वापर संपल्यावर पंखा काही वेळ फिरत राहतो, त्या वेळी मेन बंद करू नका.

पहिल्यांदा ओव्हन रिकामाच, खिडक्या उघड्या ठेवून तासभर तापवा, कारखान्यातलं तेल जळून जातं. त्या धुरात पाळीव पक्षी ठेवू नका. त्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात. तासाभराने, फक्त या तपासणीपुरता पंख्याचा नियम बाजूला ठेवून, स्विच बंद करून प्लग लगेच काढा आणि त्याच्या पिना जवळून बघा. प्लग कोमट असला तरी चालेल. धरवत नसेल तर ओव्हन पुन्हा लावू नका, इलेक्ट्रिशियनला परत बोलवा. हीच तपासणी आठवड्याने आणि महिन्याने करा. आमच्याकडे डीबीपासून नवी ४ ची वायर ओढली, सॉकेट-प्लग दोन्ही बदलले, त्याला आता दोन वर्षं होतील. दर महिन्याला मी प्लगला हात लावून बघते.

राहिला जुना ओव्हन. घराबाहेर ठेवण्याआधी त्याची वायर मुळापासून कापून टाका, म्हणजे कुणी तो उचलून नेऊन तसाच जोडणार नाही. तो घराबाहेर काही दिवस पडून राहणार असेल आणि ॲस्बेस्टॉसची शंका नसेल तर दारही काढलेलंच ठेवा. मुलं लपायला अशा जागा शोधतात. मग तो ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.